हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ऑक्टोबरअखेर : ट्राउट वर येतो, बघतो आणि फिरतो (मदत हवी आहे)

गळबहाद्दर
मुक्काम गुशैणीच्या जरा वर, हातात तीन दिवस. परवाना आहे. १ नोव्हेंबरपासून बंदी, त्यामुळे पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नाही. पाणी काचेसारखं नितळ, डोह सोडले तर गुडघ्याखाली. पाण्याचं तापमान सकाळी आठला ६ अंश, दुपारी दोनला ११. रॉड साडेआठ फूट, ४ वेट (हलक्या लाइनचा). लीडर (लाइनच्या टोकाचा बारीक दोरा) ९ फूट ४एक्स (एक्सचा नंबर मोठा तितका दोरा बारीक), नकली माशी १२ नंबरची रॉयल वुल्फ (इथे नंबर मोठा तितकी माशी लहान). ब्राउन ट्राउट माशीखाली येतो, हातभर अंतर तिच्यासोबत वाहतो आणि तोंड न उघडता खाली जातो. कोणती माशी लावू?

पाणकावळा
माशीचा प्रश्न दुसरा, आधी ड्रॅग, म्हणजे लाइनमुळे माशी ओढली जाणं, बघा. हातभर सोबत येऊन फिरला म्हणजे माशी पटली होती, तिची चाल पटली नाही. तुमच्या आणि त्या संथ पट्ट्याच्या मध्ये जोराची धार असणार. ती लाइन ओढते आणि माशी पाण्यावर घसरते. तुम्हाला दिसणारही नाही इतकी, पण माशाला तेवढी पुरते. खालच्या बाजूने वर सरकत या, गोट्याआड गुडघे टेका, रॉड उंच धरा आणि फक्त लीडर पाण्यावर पडू द्या. पाच-सहा मीटरवरून टाकायचं. या पाण्यात लांब कास्ट म्हणजे निव्वळ हौस.

लीडरला सर्जन्स नॉटने ५० सेंमी ५एक्स आणि त्यापुढे ७० सेंमी ६एक्स जोडा. गाठ ओली करूनच आवळा. कोरडी आवळली की तिथेच तुटते. मग माशी १६ किंवा १८ची, पॅराशूट अॅडम्स. ६एक्सवर १२ नंबर लावलीत तर टिपेट (टोकाचा हा बारीक दोरा) पीळ खाईल.

थंडपाणी
वरच्याशी सहमत, पण सकाळी कोरडी (पाण्यावर तरंगणारी) माशी कशाला? ६ अंशांना मासा तळाशी सुस्त असतो. साडेदहापर्यंत चहा घ्या. अकरा ते तीन हीच खरी वेळ, ढगाळ असेल तर उत्तम. अॅडम्सच्या गळाला ५० सेंमी टिपेट बांधून खाली १६ची फीझंट टेल निम्फ (पाण्याखाली बुडणारी माशी), वजनाला अडीच मिमी टंगस्टन मणी. चार-पाच वेळा वाहू देऊन निम्फ एकदाही तळाला लागली नाही तर हे टिपेट वीतभर वाढवा. दरवेळी अडकली तर कमी करा. वरची माशी नुसती थबकली तरी रॉड उचला, बुडायची वाट बघू नका.

गळबहाद्दर
डोहाच्या शेपटाशी, पाणी उथळ होतं तिथे, दोन मोठे मासे एकाच जागी दिसतात. हलत नाहीत. तिथे निम्फ चालेल?

पाणकावळा
नाही! ब्राउन शरदात अंडी घालतो. तळाची खडी आजूबाजूपेक्षा फिकी, धुतल्यासारखी दिसतेय का? ते घरटं. त्यांच्यावर गळ टाकायचा नाही आणि त्या खडीवर पायही द्यायचा नाही. अंडी खडीत पुरलेली असतात, चिरडली जातात. पलीकडे जायचंच असेल तर मोठ्या गोट्यांवरून जा.

थंडपाणी
गळाचा बार्ब (उलटा काटा) पक्कडीने दाबून टाका. हात ओला केल्याशिवाय मासा धरू नका, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आणि ६एक्सचं रीळ जुनं असेल तर आज रात्री फूटभर ओढून बघा. सटकन तुटलं तर ५एक्सवर थांबा, माशी मग १६चीच.