क्ष-किरण ‘ट्रान्झियंट’ : क्षणिक की अल्पजीवी?

प्रश्न : ‘एक्स-रे ट्रान्झियंट’साठी (आकाशात अचानक क्ष-किरणांनी उजळून पुन्हा मंदावणाऱ्या स्रोतासाठी) एका लेखात ‘क्षणिक स्रोत’ वाचलं, दुसऱ्यात ‘अल्पजीवी स्रोत’. कुठलं घ्यावं? आणि ‘डिटेक्ट करणे’ म्हणजे ‘शोध लावणे’च ना?

उत्तर : मला दोन्ही खटकतात. हंस तारकासमूहातलं व्ही४०४ घ्या. एक कृष्णविवर आणि जोडीला एक तारा. ताऱ्याकडून ओढलेला वायू विवराभोवतीच्या चकतीत साचत राहतो; चकती अस्थिर झाली की क्ष-किरणांचा भडका उडतो. १९८९ मध्ये उडाला, मग थेट जून २०१५ मध्ये. मधल्या काळात स्रोत जागेवरच होता, फक्त मंद. त्याला अल्पजीवी म्हणणं म्हणजे क्वचित चिडणाऱ्या माणसाला अल्पायुषी ठरवणं. विशेषण भडक्याला लावा : ‘अल्पकालीन क्ष-किरण भडका’. काही भडके महिनोन्‌महिने चालतात, म्हणून ‘क्षणिक’ही नको.

आणखी एक मत : सरसकट नको म्हणू नका. ९ जानेवारी २००८ रोजी स्विफ्ट उपग्रहाची दुर्बीण एनजीसी २७७० या दीर्घिकेतल्या एका अतिनवताऱ्यावर (सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा) रोखलेली होती. त्याच दीर्घिकेत दुसरीकडे अचानक क्ष-किरण चमकले आणि काही मिनिटांत विझले. दुसरा तारा फुटत होता आणि स्फोटाची धक्कालहर नुकतीच त्यातून बाहेर पडत होती. याला ‘क्षणिक चमक’ म्हणायला काय हरकत आहे?

‘शोध लावणे’बद्दल : दुर्बीण वेध घेत होती एकाचा, टिपलं दुसऱ्यालाच. तेव्हा ‘डिटेक्ट’ला ‘टिपणे’. ‘शोध’ ठेवा खगोलशास्त्रज्ञ अॅलिशिया सोडरबर्ग आणि सहकाऱ्यांसाठी. त्या चमकेचा अर्थ त्यांनी लावला.

प्रश्नकर्ता : पटलं. पण मुद्दाम अशा भडक्यांसाठीच नजर ठेवून असलेल्या दुर्बिणीच्या कामाला काय म्हणावं?

उत्तर : ‘टेहळणी’. वातावरण क्ष-किरण शोषून घेतं, त्यामुळे ती अवकाशातूनच करावी लागते. भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या स्कॅनिंग स्काय मॉनिटरलाही ‘आकाश-टेहळणी यंत्र’ शोभेल. चीनने ९ जानेवारी २०२४ रोजी (तारीख पाहा!) सोडलेला आइन्स्टाइन प्रोब हा उपग्रह एका नजरेत सुमारे ३६०० चौरस अंश, म्हणजे आकाशाचा साधारण बारावा भाग पाहतो. त्याच्या दुर्बिणीत बारीक चौकोनी नळ्या असतात, त्यांच्या भिंतींवरून क्ष-किरण घसरत परावर्तित होतात. शेवंडीच्या डोळ्यात प्रकाश असाच गोळा होतो. म्हणून नाव ‘लॉब्स्टर आय’. कृपा करून त्याचं ‘शेवंडनेत्र’ करू नका. ‘शेवंडीच्या डोळ्यासारखी दुर्बीण’ म्हटलं की कोकणात कुणालाही कळेल.