सल्ला हवा: शार्प झॉरस सी८६० ला चालेल असं वायफाय कार्ड

पेटारा

मंडळी, माळ्यावरचं सामान उतरवताना माझा जुना झॉरस एसएल-सी८६० (शार्पचा हातात मावणारा लिनक्स संगणक) हाती लागला. चार्जिंगला लावला आणि पठ्ठ्या चक्क सुरू झाला. बिजागरी अजून घट्ट आहे, ६४० बाय ४८० चा पडदाही ठणठणीत. आत शार्पचीच मूळ सिस्टीम आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) २.४.१८.

आता एवढा जिवंत आहेच, तर त्याला नेटला जोडावं म्हणतो. अपेक्षा फार नाहीत: घरच्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करायची सोय) जायचं आणि बसल्या बसल्या टिपणं लिहायची. सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डाचा स्लॉट रिकामा आहे. जुन्या मालात 'वायरलेस सीएफ कार्ड' म्हणून बरंच काही दिसतं, पण यातलं लिनक्सवर काय चालेल ते कळत नाही. घरच्या वायफायला डब्ल्यूपीए२ सुरक्षा आहे आणि या खेळण्यासाठी ते बंद करायची तयारी नाही. एसडी स्लॉटमध्ये बसणारी वायफाय कार्डंही पाहिली. ती घ्यावीत का? की सरळ यूएसबी डाँगल?

खटपट्या

डाँगलचा विचार सोडा. सी८६० चं यूएसबी फक्त दुसऱ्या संगणकाला जोडण्यापुरतं आहे, त्यावर स्वतःची उपकरणं चालवता येत नाहीत. ती सोय नंतरच्या सी१००० आणि सी३००० पासून आली. एसडी स्लॉटही मूळ सिस्टीममध्ये मेमरी कार्डापुरताच समजा. राहिला सीएफ.

सीएफ कार्ड घेताना वरचं लेबल बघून भुलू नका, आतली चिप कुठली ते विचारा. तुमच्यासाठी पहिली पसंती इंटरसिलच्या प्रिझम घराण्याला, म्हणजे प्रिझम २, २.५ किंवा ३. लिंकसिस डब्ल्यूसीएफ१२ आणि डी-लिंक डीसीएफ-६६०डब्ल्यू ही त्यातली दोन सहज आठवणारी नावं. दोन्ही ८०२.११बी या जुन्या वायफाय प्रकारातली, म्हणजे कागदावर ११ एमबीपीएस. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळालं तरी एसएसएचला तेवढं पुरून उरतं.

सोल्डरबुवा

खटपट्यांशी सहमत, पण खरं घोडं अडतं ते डब्ल्यूपीए२ वर. मूळ सिस्टीममधला प्रिझमचा ड्रायव्हर डब्ल्यूएलएएन-एनजी आहे आणि त्याची धाव डब्ल्यूईपी या जुन्या वायफाय सुरक्षेपर्यंत. डब्ल्यूईपी म्हणजे आज दाराला कडी न लावता नुसता पडदा सोडण्यातला प्रकार.

डब्ल्यूपीए२ हवं तर प्रिझम कार्ड होस्टएपी ड्रायव्हरवर चालवायचं आणि वर डब्ल्यूपीए सप्लिकंट (पासवर्ड देऊन जोडणी करणारा प्रोग्रॅम) लावायचा. शिवाय कार्डातलं स्टेशन फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) १.७.० किंवा त्यापुढचं हवं. ही शेवटची अट कुणी सांगत नाही आणि लोक आठवडेच्या आठवडे पासवर्ड तपासत बसतात. मीही बसलो होतो. नेटवर्क दिसायचं, जोडणी सुरू व्हायची आणि चार सेकंदांत गळून पडायची. शेवटी डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची नोंद) नीट वाचला तेव्हा एसटीएच्या ओळीत फर्मवेअर १.४ दिसलं. माझ्याच डोळ्यांसमोर होतं की!

कार्ड आलं की आधी त्या तीन ओळी बघा: एनआयसी, पीआरआय, एसटीए. एनआयसी म्हणजे कार्डाच्या हार्डवेअरची ओळख, पीआरआय म्हणजे प्रायमरी फर्मवेअर, एसटीए म्हणजे स्टेशन. जुनं निघालं तर प्रिझम२_एसरेक या अवजाराने चढवता येतं. पण प्रायमरी आणि स्टेशन यांची जोडी एकमेकांना आणि तुमच्या कार्डाच्या एनआयसी क्रमांकाला जुळणारी हवी. चुकलात तर कार्डाचा पेपरवेट. आधी नुसतं रॅममध्ये चढवून बघा, चाललं तर मगच कायमचं लिहा.

पेटारा

बुवा, हे सोनं आहे. पण होस्टएपी २.४.१८ वर चालेल का? की आतली सिस्टीमच बदलावी?

सोल्डरबुवा

बदला. २.६ कर्नलवाली आँगस्ट्रम (अशा छोट्या यंत्रांसाठीची लिनक्स सिस्टीम) टाका, होस्टएपी आणि सप्लिकंट दोन्ही मिळतील. मात्र त्याआधी सगळ्याचा बॅकअप. डी आणि एम ही बटणं दाबून धरून यंत्र सुरू केलं की सर्व्हिस मेनू येतो, त्यात नँड (आतल्या फ्लॅश मेमरीचा) बॅकअप आहे. ती फाइल दोन ठिकाणी ठेवा, कारण मूळ सिस्टीम परत हवीशी वाटतेच. तिची पानं उलटल्यासारखी चाल पुढच्या कुठल्याच सिस्टीमला जमली नाही, हे माझं प्रामाणिक मत.

वायरवाली

एक वेगळी वाट सुचवू? वायफाय कार्ड घेऊच नका. सीएफचं साधं इथरनेट कार्ड घ्या, एनई२००० जातीचं. पीसीनेट_सीएस ड्रायव्हर ते उचलतो, ना फर्मवेअरची भानगड ना सप्लिकंटची. पलीकडे खिशात मावणारा छोटा राउटर क्लायंट मोडमध्ये (म्हणजे तोच घरच्या वायफायला जोडला जाईल असा) लावायचा. पासवर्ड, डब्ल्यूपीए२, उद्या डब्ल्यूपीए३, सगळं तो निस्तरतो. झॉरसला वाटतं आपण केबलवर आहोत. माझं असंच चालू आहे आणि मूळ २.४ कर्नलसुद्धा हलवावा लागला नाही.

खटपट्या

वायरवालीबाई, युक्ती फक्कड आहे, पण हातातल्या यंत्राला शेपूट लावायचं म्हणजे मग ते हातातलं कसलं!

वायरवाली

टेबलावर ठेवून लिहिणाऱ्याला शेपटाचं काय हो दुःख? ज्यांना अंगणात फिरत टाइप करायचंय त्यांनी प्रिझम घ्यावं.

निमसरकारी

सिम्बॉल आणि सॉकेटच्या सीएफ कार्डांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. स्पेक्ट्रम_सीएस ड्रायव्हरवर ती चालतात, पण त्यांच्या पोटात फर्मवेअर साठवलेलं नसतं, दर वेळी ड्रायव्हरला ते भरवावं लागतं. फाइल जागेवर नसेल तर कार्ड मेल्यासारखं पडून राहतं आणि माणूस विकणाऱ्याला शिव्या घालतो. बॅटरी जपायला सॉकेटचं कार्ड चांगलं, पण डब्ल्यूपीए विसरा. त्यामुळे पेटारांच्या कामाचं नाही.

८०२.११जी (बीपेक्षा वेगवान वायफाय) हवंच असेल तर अँबिकॉमचं डब्ल्यूएल५४-सीएफ शोधा. आत मार्व्हेलची ८३८५ चिप, ड्रायव्हर लिबर्टास_सीएस. त्याला २.६ मालिकेतलाही उशिराचा कर्नल लागतो. आणि नवा कर्नल म्हणजे चांगला कर्नल असं इथे समजू नका. होस्टएपी, ओरिनोको (अशाच कार्डांचा आणखी एक ड्रायव्हर) आणि लिबर्टासचा सीएफवाला भाग हे सगळं अलीकडच्या कर्नलमधून काढून टाकलंय. आपल्याला मधलाच काळ मानवतो.

पेटारा

सगळ्यांचे आभार. प्रिझम ३ वालं डब्ल्यूसीएफ१२ मिळालं, आँगस्ट्रमही चढवली. पण कार्ड घातलं की इंटरफेस 'एथ१' नावाने येतो आणि सप्लिकंट काही केल्या जोडत नाही. पीसीकार्डसीटीएल आयडेंट (कार्डाची ओळख दाखवणारी आज्ञा) केलं तर मॅनफिड, म्हणजे उत्पादकाचा क्रमांक, ०२८ए, ०६७३ दाखवतं. कार्ड बिघडलेलं आलं का?

सोल्डरबुवा

कार्ड ठणठणीत आहे. तो क्रमांक डब्ल्यूसीएफ१२ चाच. 'एथ' नाव आलं म्हणजे ओरिनोको_सीएस ने आधी झडप घातली. होस्टएपीचं असतं तर 'डब्ल्यूलॅन०' दिसलं असतं. हे दोन्ही ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगतात. ओरिनोको_सीएस ब्लॅकलिस्टमध्ये (आपोआप सुरू न होणाऱ्या ड्रायव्हरांच्या यादीत) टाका, पीसीकार्डसीटीएल इजेक्ट करून कार्ड काढा आणि पुन्हा घाला.

पेटारा

डब्ल्यूलॅन० आलं! एसटीए १.७.४, म्हणजे फर्मवेअरचीही कटकट नाही. पण आता स्कॅनमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात, माझं तेवढं दिसत नाही.

वायरवाली

राउटर कुठल्या चॅनेलवर आहे? ऑटोवर सोडला असेल तर तो १२ किंवा १३ वर जाऊन बसला असेल. बरीच जुनी कार्डं ११ च्या पुढे बघतच नाहीत. १, ६ किंवा ११ वर खिळवून ठेवा.

आणि दिसूनही जोडलं नाही तर राउटरने ८०२.११बी चे जुने वेग बंद केलेले असतील. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही सिस्टीम असेल तर लेगसी रेट्स (हेच जुने वेग) चालू करा. मुख्य नेटवर्क मिश्र डब्ल्यूपीए३ वर असेल तर त्याला हात लावू नका, पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क काढा, निव्वळ डब्ल्यूपीए२ आणि एईएस (कूटलेखनाचा प्रकार).

पेटारा

१३ वरच होता! ६ वर आणला, लेगसी रेट्स चालू केले आणि लागलं. हा प्रतिसाद झॉरसवरच टाइप केला, मग एसएसएचने सर्व्हरवर ढकलून तिथून इथे चिकटवला, कारण त्यातला ब्राउझर आजची कुठलीच साइट उघडायला तयार नाही. अंगठे दुखतायत.

एकच राहिलं: झाकण मिटून परत उघडलं की कार्डाचा दिवा लागतो, पण जोडणी मेलेली असते.

खटपट्या

तो जुना आजार आहे. जागं झाल्यावर पीसीकार्डसीटीएल इजेक्ट आणि लगेच इन्सर्ट करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहा, मध्ये दोन सेकंदांचा स्लीप ठेवा. स्लीप नसेल तर दर तिसऱ्या वेळी फसतं. आणि पिशवीत टाकताना कार्ड काढून ठेवत जा. तो अँटेनाचा फुगवटा बाहेर राहतो, माझा तिथेच तुटला.