मदत हवी आहे: कचऱ्याच्या ठेक्याची कागदपत्रं नगरपरिषद देत नाही, अपिलात काय लिहू?

नमस्कार मंडळी,

आमची नगरपरिषद 'क' वर्गातली, म्हणजे गाव 40,000 च्या आतलं. घरोघरचा कचरा उचलायचा ठेका गेल्या वर्षी नव्याने दिला. तेव्हापासून आमच्या गल्लीत घंटागाडी एक दिवसाआड येते. घरी आम्ही ओला-सुका वेगळा ठेवतो, पण गाडीच्या सुक्याच्या कप्प्याचं झाकण तारेने आवळून बांधलेलं आहे, त्यामुळे सगळं एकाच कप्प्यात पडतं. गाडीवरच्या ताईंना हातमोज्यांचं विचारलं. म्हणाल्या, "एकदाच दिले होते दादा, दिवाळीच्या आधी. फाटले कधीच." पगार किती ठरलाय हेही त्यांना कुणी सांगितलेलं नाही, हातात येईल तो घ्यायचा.

निविदा महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ई-निविदा संकेतस्थळावर निघाली होती. पहिल्या वेळी दोनच आल्या म्हणून मुदतवाढ दिली, मग तीन झाल्या. त्यातली एक तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे पात्रतेच्या कागदांवरच बाद झाली. उरलेल्या दोघांचे आर्थिक, म्हणजे दराचे लिफाफे उघडले आणि अंदाजपत्रकापेक्षा बऱ्याच कमी दराची निविदा मंजूर झाली. सर्वात कमी दर घ्यायचा ही पद्धत मला मान्य आहे, पैसा शेवटी आपल्याच घरपट्टीतला. पण किमान वेतन कायद्याने ठरलेलं, भविष्य निर्वाह निधी भरावाच लागतो, डिझेलचा भाव सगळ्यांना सारखाच. मग दर एवढा खाली आला कुठून? मला तर दोनच जागा दिसतात: गाडीच्या फेऱ्या आणि त्या ताईंचा पगार. माझा अंदाज चुकीचा असेल तर कागद बघून मी तो मागे घेईन. कुणावर आरोप करायची घाई नाही.

म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं की कलम 8(1)(घ) प्रमाणे ही व्यापारी गोपनीयता आहे, शिवाय अर्जात एकापेक्षा जास्त विषय आहेत. दुसरा मुद्दा बरोबर आहे. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, आणि मी निविदा, करारनामा, बिलं, कामगारांची हजेरी सगळं एकत्र मागितलं होतं. आता विषयवार वेगळे अर्ज करतोय. पण गोपनीयतेचं कारण पटत नाही. लिफाफे उघडले, कार्यादेश दिला, काम सुरू होऊन वर्ष होत आलं, आता त्या दरात गुपित काय उरलं? पहिल्या अपिलाच्या 30 दिवसांपैकी 11 उरलेत. यावर कुणी अपील जिंकलं असेल तर मुद्दे कसे मांडले ते सांगा.

दुसरं असं की प्रती मागण्यापेक्षा कार्यालयात बसून फाइल बघायची परवानगी मागितली तर लवकर मिळते का? बघायला मिळालीच, तर तांत्रिक छाननी अहवाल, दरांचा तुलनात्मक तक्ता, करारनामा आणि दरमहाच्या बिलाला जोडलेल्या वजनकाट्याच्या पावत्या एवढं डोक्यात आहे. यात काय राहिलं? गाडी आली नाही त्या दिवसाचा दंड करारात असतो असं ऐकलंय. तो खरंच कापला का, हे नेमकं कुठल्या कागदावर दिसतं?

आणि कामगारांचं काय करू, हे मला सगळ्यात जास्त खटकतंय. ठेका देणारी मूळ मालक म्हणून नगरपरिषदेवरही वेतनाची जबाबदारी येते ना? कामगार कार्यालयात गेलो तर ताईंचं नाव न घेता तक्रार चालेल का? त्यांची रोजी जायला नको. एका ओळखीच्यांनी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला सांगितलं, पण तिथे ठरावाला स्थगिती मागायची असते. ठेका थांबून गावात कचरा साचलेला मला नको आहे, करारात लिहिलंय तेवढं काम झालं तरी पुरे.

अपिलाचा मसुदा उद्या संध्याकाळी इथेच टाकतो. नजरेखालून घाला, प्लीज.