सकर काढतोय. पाच फुटी टँकच्या तळाला आता काय सोडू?

फुटाळ्याचा_शेजारी (नागपूर), १२ मे

नमस्कार मंडळी. बाहेर ४५, घरात कूलर घरघरतोय, आणि टँकमधलं थर्मामीटर ३३ दाखवून राहिलं. अशात हा प्रश्न.

टँक ५ बाय २ बाय २ फूट, पाणी साधारण ५०० लिटर. आत ६ एंजल, ५ पर्ल गुरामी, ९ बोसमनी रेनबो आणि विडो टेट्रांची एक टोळी. सगळे आपापलं पाहून राहणारे. कटकट फक्त तळमजल्यावर आहे. तीन वर्षांपूर्वी दुकानदारानं "काच साफ ठेवते" म्हणून दोन इंचाचा सकर मासा गळ्यात मारला, ३० रुपयांना. आज तो शेपटीसकट १४ इंच आहे. काच चाटणं त्यानं वर्षभरातच सोडलं. दिवसभर पाइपामागे पडून असतो आणि रात्री उठून अ‍ॅमेझॉन स्वोर्डचं झाड मुळासकट उपटतो. मागच्या आठवड्यात रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, तर साहेब एका एंजलच्या अंगाला चिकटलेले. सकाळी त्या एंजलच्या कुशीवर रुपयाएवढा पांढरा चट्टा. घाणीचं तर विचारूच नका. बायको म्हणते, तुम्ही मासा नाही, शेवेचा कारखाना पाळला.

आता त्याला काढायचं नक्की. शेजारचे काका म्हणतात फुटाळा तलावात सोडून दे, जिवाला जीवदान. दुकानदार म्हणतो हा परत दे आणि दोन छोटे ने. म्हणजे तीन वर्षांनी पुन्हा हेच.

मुंबईला साडूकडे कोरी (कोरिडोरस) मासे पाहिले. चिलखत घातलेले, मिशा वळवळवत वाळूत नाक खुपसणारे, मधूनच डोळा मिचकावल्यासारखं करणारे. पोरगी तासभर हलली नाही तिथून. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. तर, माझ्या टँकला कोणते आणि किती? तळाला सध्या निळे-पांढरे खडे आहेत, ते चालतील का? एंजल त्रास देतील का? आणि ही गरमी सोसेल का त्यांना?

दोन_बादल्या (पुणे)

भाऊ, बाकी काहीही करा पण त्याला फुटाळ्यात सोडू नका. अंबाझरीत नाही, नागनदीतही नाही. हा दक्षिण अमेरिकेचा मासा, आपल्या तलावात त्याला खाणारं कोणी नाही. काठाच्या मातीत हातभर खोल बिळं करून त्यात अंडी घालतो. आमच्याकडे उजनीच्या मच्छीमारांना विचारा. जाळ्यात आला की काटे अडकून जाळं फाटतं आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. हे सगळे कुणाच्या तरी हॉलमधून "जीवदान" मिळालेलेच आहेत.

मोठा टँक असलेलं हॉटेल किंवा शोरूम शोधा. फुकट म्हटल्यावर घेतात.

कोरी मस्तच. माझ्याकडे पेपर्ड जातीचे ११ कोरी आहेत. पहिल्या पावसात गार पाण्यानं अर्धा टँक बदलला की दुसऱ्या दिवशी काचेवर अंडी. मादी पोटाखालच्या परांची ओंजळ करून त्यात अंडी धरते आणि एकेक चिकटवत जाते. बघत बसावं. पेपर्डच घ्या, कणखर असतात.

बडनेऱ्याची_मासोळी (अमरावती)

शेजारीभाऊ, तुमचा मे आणि माझा मे एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या चार फुटी टँकमध्ये आठ वर्षांपासून ब्राँझ कोरी आहेत, पहिल्या खेपेतले पाच अजून जिवंत.

पुण्याच्या दादांची माफी मागून सांगते, पेपर्ड तुम्ही घेऊ नका. हा मासा डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केला होता आणि जेनिन्स या निसर्गअभ्यासकानं १८४२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. तो अर्जेंटिना-उरुग्वेकडचा, ला प्लाटाच्या खोऱ्यातला. तिकडे थंडी पडते. २० ते २४ अंशात तो खुशीत असतो. पांडा कोरीचंही तेच, दिसायला गोड म्हणून मी सहा आणले होते, २३ एप्रिलपर्यंत एकही उरला नाही. तारीख लक्षात आहे कारण त्या दिवशी माझ्या भाचीचं लग्न होतं आणि मी मांडवात बसून टँकचाच विचार करत होते.

आपल्यासाठी दोनच सरळ नावं: ब्राँझ आणि स्टर्बाय. स्टर्बाय ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीचा, २८ अंश त्याला घरचं पाणी. एंजल आणि गुरामीला जे तापमान लागतं तेच त्यालाही, म्हणून तुमच्या टँकशी त्याचं गोत्र जुळतं. महाग आहे. खिसा पाहून ब्राँझ घ्या. अल्बिनो म्हणून जो पांढरा मिळतो तो बहुतेकदा ब्राँझचाच असतो, पण पेपर्डचेही अल्बिनो येतात, तेव्हा खात्री नसेल तर तपकिरीच उचला. आणि गुलाबी-हिरवे रंगवलेले दिसले तर दुकानातून उलट्या पावली बाहेर या. तो रंग सुईनं घातलेला असतो.

एकाच जातीचे १२ घ्या. दोन ब्राँझ, दोन स्टर्बाय, दोन अजून काही, अशी भेळ नको. ते आपल्या जातीच्या टोळीत राहतात, दोघेच असले की कोपऱ्यात जाऊन बसतात आणि माणूस म्हणतो "कोरी बोर आहे". तुमच्या १० चौरस फुटांच्या तळाला १२ म्हणजे काहीच नाही.

गरमीचं नीट ऐका. कोरी अधूनमधून सुर्रकन वर जाऊन हवेचा घोट घेतो. ती हवा आतड्याच्या मागच्या भागात जाते आणि तिथून रक्तात प्राणवायू शिरतो. हा त्याचा नेहमीचा स्वभाव, घाबरू नका. पण दर दोन मिनिटांनी सगळेच वर पळायला लागले तर समजा पाण्यात जीव उरला नाही. २५ अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ ला ७.३. तेव्हा मे महिन्यात एअरपंप रात्रीही चालू.

मी काचेचं झाकण काढून लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ठोकली, नाहीतर तुमचे रेनबो उड्या मारून सोफ्यावर येतील. त्यावर कॉम्प्युटरचे चार पंखे, वारा थेट पाण्याच्या पृष्ठभागावर. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात कोरडी म्हणून हे चालतं. माझं ३३ चं २९ झालं. कूलर त्याच खोलीत असेल तर आणखी बरं. मुंबईकरांनी यात पैसे घालू नयेत, त्यांच्या दमट हवेत पाणी उडतच नाही.

मात्र पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात. तुमच्या टँकची पातळी बोटभर उतरली की बादलीभर पाणी गेलं समजा. ती तूट बोअरच्या पाण्यानं भरत राहिलात तर टीडीएस महिन्यात दुप्पट. मी हेच केलं होतं पहिल्या वर्षी. रोजची तूट आरओच्या पाण्यानं भरायची. आठवड्याचा पाणीबदल मात्र नळाच्याच, क्लोरीन काढून टाकलेल्या पाण्यानं.

खडे काढा. सगळे. कोरी वाळू तोंडात घेतो, खाण्याचं ते गिळतो आणि उरलेली कल्ल्यांतून सोडतो. खड्यांत हे जमत नाही, आणि खड्यांच्या फटींत कुजलेल्या अन्नानं मिशा झडतात. झडलेल्या मिशांचा दोष सगळे टोकदार खड्यांना देतात. मी म्हणते खडे निम्मे, घाण निम्मी.

एंजल काही करणार नाहीत. कोरीच्या दोन्ही कुशींना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात, कौलासारख्या एकावर एक. चोच मारून काही हाती लागत नाही. शिवाय पाठीचा आणि बाजूच्या परांचा काटा तो ताठ करून कुलूप लावतो. ऑस्करसारख्या मोठ्या तोंडाच्या माशानं गिळला तर घशात अडकून दोघंही मरतात. तुमच्याकडे तसं कोणी नाही.

कोपऱ्यातला_फिल्टर (ठाणे)

ताईंनी सगळंच सांगितलं. एक नाव राहिलं: हॉप्लो. कोरीचाच थोरला चुलतभाऊ, पाच-सहा इंचांचा, तपकिरी, ठिपक्यांचा. ५०० लिटरमध्ये इवलेसे कोरी हरवल्यासारखे वाटतात, हॉप्लो शोभतो. शांत, चिलखती, गरमीला पक्का. नर पाण्यावर पानाखाली फेसाचं घरटं बांधतो. याचा एक भाऊबंद त्रिनिदादमध्ये कास्काडुरा म्हणून खातात, नारळाच्या दुधात करी करून. तो खाल्ला की माणूस परत त्रिनिदादला येतोच, असं तिकडे म्हणतात. आमच्याकडे पापलेटचं तसं आहे.

मिळायला कठीण. कुर्ल्याला दोनदा दिसला, तिसऱ्यांदा पैसे घेऊन गेलो तर नाही.

बडनेऱ्याची_मासोळी

हॉप्लो चांगला, पण घरट्यावर बसलेला नर शांत नसतो हो. आणि खादाड. कोरीसोबत ठेवला तर कोरी उपाशी.

त्यावरून आठवलं. भाऊ, "तळ साफ करतील" म्हणून कोरी आणत असाल तर आणू नका. सकरच्या वेळी तुम्हाला तीच थाप मारली होती ना? वरच्या माशांनी टाकलेलं उष्टं खाऊन कोरी जगत नाही. वर रेनबो आहेत, ते काही खाली पोहोचूच देणार नाहीत. दिवा बंद केल्यावर अर्ध्या तासानं बुडणाऱ्या गोळ्या, वेगवेगळ्या तीन ठिकाणी. आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म. काचेवरच्या शेवाळासाठी तुमचा हात आणि एक स्पंज. अगदीच मासा हवा असेल तर एक ब्रिसलनोज, तो पाच इंचांवर थांबतो. त्याला लाकडाचा ओंडका आणि काकडीची चकती लागते.

फुटाळ्याचा_शेजारी, १७ ऑगस्ट

उशिरा लिहितोय, पण काम करून लिहितोय.

सकरला वर्धा रोडवरच्या एका हॉटेलवाल्यानं नेलं. त्यांच्याकडे आठ फुटी टँक आहे, एकटाच राहतो त्यात. त्याला पकडायला मी जाळी वापरली आणि त्याचे काटे त्यात असे गुंतले की शेवटी जाळी कापावी लागली. ताई, तुम्ही काटे कुलूप लावतात लिहिलं होतं, मीच डोकं वापरलं नाही. कोरींच्या वेळी प्लॅस्टिकचा डबा वापरला.

रेती आणली कन्हानची. समोरच्या गल्लीत बांधकाम चालू आहे, तिथल्या मिस्त्रीला चार घमेली मागितली. "कशाला?" "माशांना." तो दहा सेकंद माझ्याकडे पाहत राहिला. मग स्वतःच चाळून दिली, प्लॅस्टरच्या चाळणीतून. चिमूटभर रेतीवर व्हिनेगर टाकून पाहिलं, बुडबुडे आले नाहीत, म्हणजे चुना नाही. धुवायला मात्र १९ बादल्या लागल्या. ते सगळं पाणी मोसंबीच्या झाडाला.

मेमध्ये मासे आणले नाहीत. फक्त पंखे लावले आणि पाहिलं: ३३ वरून साडेएकोणतीस. जूनच्या शेवटी पाऊस पडला, तेव्हा १२ ब्राँझ आणले. दुकानदारानं एका पिशवीत भरले होते, मी दोनदा सांगून तीन पिशव्या करून घेतल्या, दुहेरी. तरी घरी येईपर्यंत एकीला काट्यानं भोक पडलंच. १२ पैकी ११ जगले.

पहिले चार दिवस सगळे ओंडक्यामागे. पाचव्या रात्री दिवा बंद करून गोळ्या टाकल्या आणि मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर अकराही जण रेतीत डोळ्यांपर्यंत नाक खुपसून बसलेले, कल्ल्यांतून रेतीचा धूर. पोरगी म्हणाली, बाबा, हे कुकरच्या शिट्ट्या देऊन राहिले.

एक प्रश्न राहिला आहे. त्यातल्या दोघी इतरांपेक्षा बऱ्याच जाड दिसतात, आणि काल मी गार पाण्यानं १५० लिटर बदललं. आज सकाळी फिल्टरच्या पाइपवर मोहरीएवढे पांढरट दाणे चिकटलेले आहेत, मी मोजले ४० पर्यंत, मग एक एंजल येऊन खायला लागला. दुकानावर जायची वेळ झाली आहे. उरलेले खरवडून वेगळ्या डब्यात काढू का, आणि कशानं? ब्लेडनं चालेल का?

बडनेऱ्याची_मासोळी

ब्लेड नको! एटीएम कार्डाच्या कडेनं, नाहीतर सरळ बोटानं लोटा, अंडी चिवट असतात. टँकचंच पाणी डब्यात, एक एअरस्टोन, मिथिलीन ब्ल्यूचे (बुरशी रोखणारं निळं औषध) थेंब पाणी फिकट निळं होईस्तोवर. पांढरंफट्ट झालेलं अंडं रोज उचलून टाका. तीन-चार दिवसांत फुटतील. दुकान थोडं उशिरा उघडा, भाऊ.