मदत हवी आहे: इम्पॅक्ट फीच्या फेरआढाव्यावर लेखी निवेदन कसे मांडावे? (कॅलिफोर्निया)

नमस्कार.

आम्ही बे एरियातील एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो. आई-बाबा वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात, म्हणून मागच्या अंगणात त्यांच्यासाठी छोटे स्वतंत्र घर, म्हणजे इथल्या बोलीत एडीयू, बांधायचे ठरवले. पहिला आराखडा ८०० चौरस फुटांचा होता. आराखडा काढणाऱ्या बाईंनी तो पुन्हा पाहताना पेन्सिलीने स्वयंपाकघराच्या ओट्यामागची भिंत आत सरकवली आणि कोपऱ्यात ७४९ असा आकडा लिहिला. कारण विचारले तेव्हा कळले की ७५० चौरस फुटांहून लहान एडीयूवर शहराला इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामामुळे लागणाऱ्या उद्याने, रस्ते अशा सुविधांसाठी घेतले जाणारे शुल्क) घेता येत नाही. मोठा असेल तर मूळ घराच्या क्षेत्रफळाशी त्याचे जे प्रमाण पडते, त्या प्रमाणात ती भरावी लागते. आमचे मूळ घर १,६०० फुटांचे, त्यामुळे ८०० फुटांच्या एडीयूला निम्मी फी. समोरच्या ३,२०० फुटांच्या घरात कोणी तेवढाच एडीयू बांधला तर पाव. लहान घरवाल्याने जास्त भरायचे हा न्याय मला अजून पटलेला नाही, पण तो राज्याच्या कायद्यातला आहे, तेव्हा त्यावर शहराशी भांडण्यात अर्थ नाही.

भिंत सरकली, आमचा प्रश्न मिटला. पण त्या निमित्ताने वाचायला लागलो आणि कळले की शहराने सर्वच इम्पॅक्ट फींचा फेरआढावा काढला आहे. सल्लागाराने तयार केलेल्या ‘नेक्सस स्टडी’चा (फी आणि सुविधा यांचा संबंध दाखवणाऱ्या अभ्यासाचा) मसुदा संकेतस्थळावर आला असून लवकरच सिटी कौन्सिलपुढे जाहीर सुनावणी आहे. तिथे लेखी निवेदन द्यायचे आहे आणि त्यासाठी येथील जाणकारांची मदत हवी आहे.

मला जे समजले आहे ते आधी मांडतो; चुकत असेन तर दुरुस्त करावे. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर आणि करपात्र मूल्याची वार्षिक वाढ २ टक्क्यांवर बांधून टाकली, तेव्हापासून नव्या वस्तीसाठी लागणारी उद्याने, रस्ते, अग्निशमन केंद्रे यांचा खर्च नव्या बांधकामाकडूनच वसूल करण्याकडे शहरांचा कल वाढत गेला. त्याला शिस्त लावण्यासाठी १९८७ मध्ये मिटिगेशन फी अ‍ॅक्ट संमत झाला. फी कशासाठी, ती कुठे खर्च होणार, आणि ज्या प्रकारच्या बांधकामाकडून ती घेतली जाते त्याचा त्या सुविधेशी वाजवी संबंध काय, हे शहराने दाखवावे लागते. २०२२ पासून लागू झालेल्या एबी ६०२ या राज्याच्या कायद्याने आणखी भर घातली: सुविधेची सध्याची पातळी आणि प्रस्तावित पातळी दोन्ही लिहायच्या, प्रस्तावित पातळी का योग्य ते सांगायचे, निवासी फी शक्यतो चौरस फुटांवर आकारायची, सुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यायची आणि अभ्यास किमान दर आठ वर्षांनी नवा करायचा. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शीट्झ खटल्यात (एका घरामागे २३,४२० डॉलरची वाहतूक फी होती) कायदेमंडळाने ठरवलेली फीसुद्धा घटनात्मक कसोटीतून सुटत नाही असे सांगितले, त्यामुळे शहरे सध्या जरा जपूनच पावले टाकताना दिसतात.

पुण्याला भावाने बांधकाम परवानगी घेताना विकास शुल्क भरले, ते रेडीरेकनरमधील जमिनीच्या दराच्या टक्केवारीने. त्यामागे कोणत्या सुविधेचा हिशेब आहे हे विचारायची सोयच नव्हती. इथे ती सोय आहे, म्हणूनच ती वाया घालवू नये असे वाटते.

आता मूळ अडचण. मसुद्यात उद्यानांसाठी दर हजार लोकांमागे ३ एकर हे प्रमाण धरले आहे, पण आज शहरात प्रत्यक्षात तेवढी उद्याने नाहीत. समजण्यासाठी सोपे आकडे घेतो. सध्याचे प्रमाण २.४ एकर, एका घरात सरासरी २.८ माणसे आणि एकराला २० लाख डॉलर धरले, तर ३ एकरांच्या हिशेबाने एका घरामागे १६,८०० डॉलर होतात आणि २.४ च्या हिशेबाने १३,४४०. मधले ३,३६० डॉलर कोणाचे? कायदा एकीकडे म्हणतो की आधीपासूनची कमतरता भरून काढण्याचा खर्च फीमध्ये घालता येणार नाही, आणि दुसरीकडे, जनरल प्लॅनशी (शहराच्या दीर्घकालीन विकास आराखड्याशी) सुसंगत अशी स्वीकृत पातळी गाठण्यासाठी नव्या मागणीपुरता खर्च घालू देतो. म्हणजे नव्या रहिवाशाकडून ३ एकरांचे पैसे घेणे कदाचित बेकायदा नसेल. पण मग जुन्या रहिवाशांच्या वाट्याचे ०.६ एकर शहर कोणत्या पैशातून आणि कधी घेणार, हे कुठेतरी लिहिलेले असायला हवे ना? मसुद्यात मला ते सापडले नाही. ते पैसे आलेच नाहीत, तर नव्यांकडून ३ एकरांचे पैसे घेऊन सगळ्यांनी मिळून वापरायला त्याहून कमी मिळणार.

तर विचारायचे असे, की हा मुद्दा निवेदनात कोणत्या शब्दांत मांडावा, म्हणजे ‘आपल्या मताची नोंद घेतली’ एवढ्यावर त्याची बोळवण होणार नाही? जुन्या कमतरतेसाठी निधीचा स्रोत दाखवा अशी थेट मागणी करावी, की आधी वार्षिक फी अहवाल मागवून उद्यान निधीत किती रक्कम न वापरता पडून आहे ते पाहावे? पाच वर्षांनंतरही रक्कम शिल्लक असेल तर तिचे कारण शहराने नोंदवावे लागते, एवढे मला माहीत आहे. तो कागद नेमका कोणाकडे मागतात ते माहीत नाही. आपल्यापैकी कोणी नगर नियोजनात काम करत असेल किंवा अशा सुनावणीत बोलले असेल, तर कृपया अनुभव लिहावा. कोणाला हवे असल्यास मसुद्यातले उद्यानांचे कोष्टक टंकून खाली प्रतिसादात देतो.