मदत हवी आहे : झेब्राफिशचा भ्रूण रात्रभर स्थिर ठेवायचाय, शेपूट न वाकवता

नमस्कार मंडळी. २४ तासांच्या भ्रूणाचं इन्व्हर्टेड कॉन्फोकलवर (खालून पाहणाऱ्या लेसर सूक्ष्मदर्शकावर) टाइम-लॅप्स घ्यायचं आहे, म्हणजे ठरावीक अंतराने रात्रभर चित्रं. कवच चिमट्याने काढून ०.०१६% ट्रायकेन या भूल देणाऱ्या औषधात (पीएच ७च्या आसपास) गुंगी देतो. मग ई३मध्ये (भ्रूण ठेवायच्या क्षारयुक्त पाण्यात) केलेल्या १% लो-मेल्ट अगारोजमध्ये (कमी तापमानाला वितळणाऱ्या जेलमध्ये), काचेच्या तळाच्या डिशमध्ये कुशीवर बसवतो. अगारोज ३८ अंशांवर; फार गरम ओतलं तर भ्रूण दगावतो. जेल घट्ट झालं की वरून ट्रायकेन घातलेलं ई३.

अडचण शेपटीची. भ्रूण लांबत जातो, जेल जागा देत नाही. सकाळी शेपूट विंचवाच्या नांगीसारखी वळलेली, सोमाइट (पाठीच्या बाजूचे स्नायूंचे खंड) दबलेले. अशी मापं घेऊन उपयोग काय? ०.३%मध्ये शेपूट सरळ राहते, पण भ्रूण सरकत सरकत फोकसबाहेर जातो. डोकं आणि योक (पोटाकडचा पिवळा बलक) जेलमध्येच ठेवून शेपटीभोवतीचं जेल बारीक पात्याने काढलं तर बरंच जमतं, फक्त पातं निसटलं की योक फुटतो.

एफईपी (पारदर्शक प्लास्टिक) नळीला आतून ३% मिथाइल सेल्युलोज या चिकट द्रवाचा थर देऊन ०.१% अगारोज भरण्याची आणि त्यात भ्रूण ठेवण्याची पद्धत लाइट-शीटसाठी (बाजूने प्रकाशाचा पातळ पडदा टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी) चालते. इन्व्हर्टेडवर कोणी वापरली आहे का? नळीचा आतला व्यास किती घेता, आणि २०एक्स ऑब्जेक्टिव्हचं वर्किंग डिस्टन्स (भिंगापासून फोकसपर्यंतचं अंतर) पुरतं का? नळी डिशमध्ये हलू नये म्हणून काय करता, तेही कृपया सांगा.