कॅस्पोफंगिन वाढवलं की कॅन्डिडा परत उगवतोय, माझंच पिपेटिंग चुकलं का?

टिपवाला: एमएस्सी मायक्रोचा प्रोजेक्ट चाललाय. कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीवर ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये कॅस्पोफंगिन हे बुरशीविरोधी औषध लावलं, ०.२५ पासून ४ पर्यंत (मायक्रोग्रॅम पर एमएल) वेल एकदम स्वच्छ, आणि पुढे ८, १६ ला चक्क गढूळ, म्हणजे बुरशी वाढलेली 😐 तीनदा लावलं, तीनदा तेच. गाईड म्हणतात पिपेटची टिप बदलायला विसरतोस. खरंच तसं असेल का?

बुरशीबाबा: टिपांना दोष देऊ नका, याला पॅराडॉक्सिकल ग्रोथ म्हणतात, अल्बिकन्समध्ये बऱ्याच स्ट्रेन्सना होते. कॅस्पोफंगिन पेशीभित्तिकेतलं ग्लुकॅन बनवणारं एन्झाइम बंद पाडतं, पण डोस जास्त झाला की काही पेशी धोक्याची घंटा ऐकून, म्हणजे कॅल्सिन्यूरिन वगैरेचे सिग्नल सुरू करून, भित्तिकेतलाच दुसरा घटक, काइटिन, भसाभस बनवायला लागतात, विटा मिळेनात तर पत्रे ठोकून भिंत उभी करायची तसं. त्या गढूळ वेलमधलं थोडं औषध नसलेल्या प्लेटवर वाढवा आणि परत एमआयसी (वाढ थांबवणारं औषधाचं सर्वात कमी प्रमाण) काढा. पहिल्याइतकीच आली तर रेझिस्टंट म्युटंट नाही.

रात्रपाळी: हे ट्रेलिंग नाही का? फ्लुकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाला आम्ही रोज बघतो.

बुरशीबाबा: नाही हो, ट्रेलिंगमध्ये एमआयसीच्या वरच्या सगळ्याच वेलमध्ये थोडी थोडी वाढ रेंगाळते, कारण फ्लुकोनाझोल कॅन्डिडाला मारत नाही, नुसतं थोपवतं. इथे मध्ये स्वच्छ होऊन पुन्हा उगवलंय.

सुमन_ता: मी लॅबवाली नाही, पण काकांना आयसीयूत हेच इंजेक्शन चालू आहे. डोस कमी करायला सांगू का??

रात्रपाळी: ताई, अजिबात नको. हे प्लेटमधलं आहे, त्यातच सीरम घातलं तरी हा प्रकार बराच कमी होतो, आणि पेशंटमध्ये यामुळे औषध फेल जातं असं काही सिद्ध झालेलं नाही. डोस डॉक्टरच ठरवतील, शंका त्यांनाच विचारा.

टिपवाला: अपडेट. गढूळ वेलमधले परत वाढवले, एमआयसी जुनीच. आणि त्याच डायल्युशन्सवर ग्लॅब्रेटा (कॅन्डिडाची दुसरी जात) लावला, तो १६ पर्यंत स्वच्छ. प्लेट गाईडच्या टेबलावर ठेवून आलोय.

बुरशीबाबा: ग्लॅब्रेटात हे क्वचितच दिसतं. आता निक्कोमायसिन झेड मिळतंय का बघा, काइटिन बंद केलं की १६ चा वेलही साफ व्हायला हवा.